गढूळ अक्षरं

फोनवर जपानी कीबोर्ड घेतलात तर सगळ्यात खालच्या ओळीत, 'वा'च्या डावीकडे, एक बटण दिसेल. त्यावर दोन बारक्या तिरक्या रेघा आणि एक इवलंसं वर्तुळ असतं. 'का' टाइप करून ते दाबलं की 'गा' होतं. 'ता'चं 'दा' होतं, 'सा'चं 'जा' होतं (जावयातला ज, जीवनातला नाही). अक्षर तेच राहतं, फक्त त्याच्या उजव्या खांद्यावर दोन टिकल्या येतात आणि आवाज बदलतो. या टिकल्यांचं शास्त्रीय नाव दाकुतेन. बोलताना सगळे 'तेन-तेन' म्हणतात, म्हणजे ठिपका-ठिपका.

मराठी माणसाला यात शिकण्यासारखं काही नसतं. गळ्यावर दोन बोटं ठेवून आधी 'सऽऽ' करा, मग 'झऽऽ' करा. दुसऱ्या वेळी बोटांखाली मोबाइल व्हायब्रेटवर असल्यासारखं वाटतं. स्वरतंतू थरथरले की घोष, नाही थरथरले की अघोष. शाळेत आपण यांना कठोर आणि मृदू व्यंजनं म्हणून पाठ केलेलं असतं. क, च, ट, त, प कठोर, ग, ज, ड, द, ब मृदू.

जपानीतली नावं मात्र वेगळी आहेत. ज्यांना आपण कठोर म्हणतो ते तिथे 'सेइओन', म्हणजे स्वच्छ, नितळ ध्वनी. आणि आपले मृदू ध्वनी तिथे 'दाकुओन'. दाकु म्हणजे गढूळ. पावसाळ्यात नदीला येतं तसलं पाणी. ही विभागणी चिनी ध्वनिशास्त्रातून जपानात आली. तेन-तेन म्हणजे अक्षरावर उडालेले चिखलाचे दोन शिंतोडे, असं माझ्या डोक्यात बसलंय ते आता निघत नाही.

2019 साली मी टोकियोतल्या एका भाषाशाळेत होते. पहिल्याच आठवड्यात बाईंनी माझं कौतुक केलं, कारण का-गा, ता-दा माझ्या तोंडून पहिल्या फटक्यात नीट येत होते. मला त्याचं काहीच वाटलं नाही. मला अडवलं ते 'हा'नं.

'का'ला टिकल्या दिल्या की 'गा', हे समजतं. पण 'हा'ला टिकल्या दिल्या की 'बा' होतं! आणि टिकल्यांऐवजी ते छोटं वर्तुळ दिलं की 'पा'. ह, ब आणि प यांचा काय संबंध? ह घशातून येतो, ब-प ओठांवर बसतात. बाई म्हणाल्या, पाठ करा. वर्गातल्या सगळ्यांनी पाठ केलं.

मला याचं उत्तर जपानी पुस्तकात नाही, आपल्या बालभारतीत सापडलं. जपानी अक्षरांचा क्रम एकदा सावकाश म्हणून बघा: आ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. स्वर आधी, मग क पासून व पर्यंत. ओळखीचं वाटलं? वाटायलाच हवं. हा क्रम संस्कृत वर्णमालेचा आहे. कूकाई हा भिक्षू 806 साली चीनमधून जपानला परतला तेव्हा त्यानं सिद्धम् लिपीतले ग्रंथ बरोबर नेले. मंत्र नीट उच्चारले जावेत म्हणून तिथल्या बौद्ध मठांत ही लिपी आणि तिचं ध्वनिशास्त्र पिढ्यान् पिढ्या शिकवलं गेलं. पुढे अकराव्या शतकाच्या सुमाराला भिक्षूंनी स्वतःच्या भाषेतली अक्षरंही त्याच चौकटीत मांडली. आपल्याकडचं जे त्यांच्याकडे नव्हतं ते गाळलं, उरलेलं त्याच ओळीत बसवलं.

आता आपली वर्णमाला शेजारी ठेवा. क, च, त, न, प, म, य, र, व. च च्या जागी त्यांचा स बसलाय. आणि न आणि म यांच्या मधल्या खुर्चीत, जिथे आपला प बसतो, तिथे त्यांचा 'हा' बसलाय.

कारण तो मुळात 'पा'च होता. फार पूर्वी जपानीत ह नव्हता, प होता. मग प सैल पडत गेला, ओठ पूर्ण मिटेनात, फुंकर मारल्यासारखा फ झाला आणि शेवटी ओठ सोडून घशात गेला. आवाज निघून गेला, पण वर्णमालेतली जागा तशीच राहिली. 'बा' आजही त्या जुन्या 'पा'चाच गढूळ भाऊ आहे.

मधल्या फ चा पुरावा एका कोड्यात आहे. 1516 सालच्या एका संग्रहात असं कोडं आहे की आईसाठी दोनदा भेटतात पण बापासाठी एकदाही भेटत नाहीत, ते कोण? उत्तर: ओठ. आज जपानीत आई म्हणजे 'हाहा' आणि वडील म्हणजे 'चिचि', दोन्ही म्हणताना ओठ हलतसुद्धा नाहीत. कोडं सुटतं ते 'हाहा' हा शब्द तेव्हा 'फाफा'सारखा म्हणत असतील तरच. मी हे वाचल्यावर लगेच मराठीत करून पाहिलं. आपल्याकडे नेमकं उलट आहे. 'आई' म्हणताना ओठ एकदाही भेटत नाहीत, 'बाबा'साठी दोनदा भेटतात.

दुसरा पुरावा आपल्या गोव्यात छापला गेला. 1582 साली जपानमधल्या चार ख्रिस्ती मुलांना रोमला पाठवलं होतं. परतताना 1587 मध्ये ती गोव्याला थांबली आणि त्यांच्यातल्या मार्तिन्यो हारा या मुलानं सेंट पॉल कॉलेजात लॅटिनमध्ये भाषण केलं. पुढच्या वर्षी गोव्यातच ते छापलं. त्या छापील पानावर त्याचं आडनाव 'हारा' नाही, 'फारा' आहे. ऐकणाऱ्यानं ऐकलं तसं लिहिलं. त्या कॉलेजची आता जुन्या गोव्यात एक कमान तेवढी उभी आहे. पुढे या जेझुइटांनीच जपानमध्ये 1598 साली छापलेल्या कोशात प साठी ते छोटं वर्तुळ पद्धतशीर वापरलं. परक्यांना ऐकू येईल तसं लिहून ठेवायची गरज होती. घरच्यांना नव्हती.

ही गरज नसण्याची गोष्ट मला फार विचित्र वाटत आली आहे.

कारण फरक ऐकू येत नव्हता असं अजिबात नाही. जपानी कान या बाबतीत भलतेच तिखट आहेत. 'किराकिरा' म्हणजे चांदण्यांचं चमचमणं, 'गिरागिरा' म्हणजे डोळ्यात खुपणारा भगभगीत उजेड. 'कोरोकोरो' गोटी घरंगळते, 'गोरोगोरो' शिळा. 'सारासारा' केस मऊ, 'जाराजारा' जमीन खरबरीत. टिकल्या आल्या की वस्तू मोठी, जड, ओबडधोबड होते. मराठीलाही हे कळतं. आपला ओढा खळखळतो आणि डोळ्यातून पाणी घळघळ येतं. म्हातारा कुरकुरतो, कुत्रा गुरगुरतो. नाणं खणखणतं, घंटा घणघणते. गॉडझिलाचं मूळ नाव 'गोजिरा' आहे, 1954 सालचं, गोरिला आणि 'कुजिरा' म्हणजे देवमासा मिळून केलेलं. ते 'कोशिरा' असतं तर त्याला कोण घाबरलं असतं? केइओ विद्यापीठातल्या शिगेतो कावाहारा या भाषावैज्ञानिकानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पोकेमॉनची जपानी नावं तपासली, तर ज्यांच्या नावात गढूळ ध्वनी जास्त, ते पोकेमॉन साधारणपणे जास्त मोठे आणि वजनदार निघाले. आणि आपल्या रस्त्यावर धावणारी टोयोटा ही मुळात 'तोयोदा' घराण्याची. 1936 साली मोटारींसाठी दोन टिकल्या काढून 'तोयोता' केलं. उच्चार नितळ झाला, आणि लिहिताना रेघा दहाच्या आठ झाल्या. आठ तिथे शुभ.

म्हणजे फरक सगळ्यांना कळत होता. लिहीत मात्र नव्हते. आठव्या शतकात चिनी अक्षरं ध्वनीपुरती वापरून जपानी लिहायचे, तेव्हा 'का'साठी आणि 'गा'साठी बहुतेक वेगळी अक्षरं घेत. त्यातून सुटसुटीत काना लिपी निघाली (आपल्या मात्रेतल्या कान्याचा तिच्याशी संबंध नाही) आणि तिनं हा भेद टाकूनच दिला. टिकल्या पुढे आल्या, पण कितीतरी काळ त्या ऐच्छिकच होत्या. 1889 च्या मेइजी राज्यघटनेत एकही टिकली नाही. सम्राटाविषयीच्या कलमात 'बेकाराजु' असं वाचायचं तिथे 'हेकारासु' लिहिलंय. 1945 च्या ऑगस्टमध्ये सम्राटानं रेडिओवरून शरणागतीचा जो मजकूर वाचला त्यातही टिकल्या नव्हत्या. त्यानं वाचताना त्या आपोआप घातल्या. औपचारिक, भारदस्त मजकुरात टिकल्या देणं म्हणजे वाचणाऱ्याला अडाणी समजणं. मोडीत ह्रस्व-दीर्घाचं जसं, तसं. किंवा अजून जवळचं उदाहरण म्हणजे आपला च. 'चहा'मधला च आणि 'चमचा'मधला च वेगळे आहेत हे देवनागरी कुठेही सांगत नाही. आपण चुकत नाही. चुकतो तो बाहेरचा, आणि तो तोंड उघडताच आपल्याला कळतो.

शब्द जोडतानाही हेच. 'ते' म्हणजे हात, 'कामी' म्हणजे कागद, मिळून 'तेगामी', पत्र. 'ओरिगामी' तर तुम्हाला माहीतच आहे. याला रेन्दाकु म्हणतात. वाक् आणि ईश्वरी मिळून वागीश्वरी होते त्याची आठवण येईल, पण आपला संधी शेजारचा ध्वनी बघतो, रेन्दाकु अर्थही बघतो. 'यामा' डोंगर, 'कावा' नदी. 'यामागावा' म्हणजे डोंगरातली नदी, तर 'यामाकावा' म्हणजे डोंगर आणि नद्या. तत्पुरुषात क चा ग, द्वंद्वात नाही! शाळेत समास सोडवताना हे उदाहरण मिळालं असतं तर मजा आली असती. आणि दुसऱ्या शब्दात आधीच एक गढूळ ध्वनी असेल तर बदल होत नाही, म्हणून 'कामिकाझे', 'कामिगाझे' नाही. हा नियम इंग्रजीत 1894 साली मांडला बेंजामिन लायमन या अमेरिकन भूगर्भतज्ज्ञानं. जपानला जाण्याआधी तो 1870 मध्ये आपल्या पंजाबात खनिज तेल शोधत होता. नियमाला अपवाद इतके आहेत की शेवटी जपानी लोक म्हणतात, ते आपोआप कळतं. कुणाला, हा प्रश्न उरतो.

वर्गात माझ्या शेजारी बुसानची एक मुलगी बसायची. बाई तिला पाकु-सान म्हणत आणि मला कोओतो-सान. माझं आडनाव खोत. जपानीत ख नाही, त चा पाय मोडता येत नाही, त्यामुळे खोतचं 'कोओतो' झालं, आणि कोओतो म्हणजे अंगात घालायचा कोट. हिवाळाभर त्यावर विनोद झाले.

पाकु-सान व्याकरणात वर्गात पहिली होती. कोरियन आणि जपानी वाक्यरचना इतकी जुळते की आम्ही घाम गाळत होतो तेव्हा ती खिडकीबाहेर बघत असायची. तिचं घोडं अडायचं ते शब्दाच्या पहिल्या अक्षरावर. कोरियनमध्ये साधा क शब्दाच्या सुरुवातीला अघोष असतो आणि दोन स्वरांच्या मध्ये आला की आपोआप ग होतो. बोलणाऱ्याला ते दोन वेगळे ध्वनी वाटतच नाहीत. तिच्या शहराचं नाव रोमन लिपीत आधी प नं लिहायचे, 2000 पासून ब नं लिहितात. गावकऱ्यांनी उच्चार काही बदलला नाही.

त्यामुळे 'दाइगाकु'ला जायचंय असं ती म्हणायची, तर बाईंना 'ताइगाकु' ऐकू यायचं. पहिल्याचा अर्थ विद्यापीठ, दुसऱ्याचा अर्थ शिक्षण सोडणं. 'गिन्को' म्हणजे बँक, 'किन्को' म्हणजे तिजोरी. बाई चांगल्या होत्या, रागवायच्या नाहीत, पण पुन्हा म्हणायला लावायच्या. पाचदा, सहादा. वर्ग शांत व्हायचा. मला ती शांतता ओळखीची होती. जत तालुक्यातून पुण्याला कॉलेजात आले तेव्हा 'पानी' म्हटल्यावर असाच वर्ग शांत झाला होता, आणि मला तीनदा ण म्हणायला लावलं होतं. तिथे शुद्ध-अशुद्ध होतं, इथे स्वच्छ-गढूळ. जपानमध्ये मला ण कुणी मागितला नाही, त्यांच्याकडे तो नाहीच.

एकदा किमती वाचायचा सराव होता. पाकु-सानच्या वाट्याला 'गोज्यू'पासून सुरू होणारी किंमत आली, म्हणजे पन्नास. ती बोललीच नाही. पुढच्या मुलाला वाचायला सांगितलं गेलं.

घरी जाताना ट्रेनमध्ये तिनं मला विचारलं, "पंधरा येन पन्नास सेन, माहितीये?" मला माहीत नव्हतं.

1 सप्टेंबर 1923 ला दुपारी बाराच्या दोन मिनिटं आधी टोकियो आणि योकोहामाला मोठा भूकंप झाला. आगी लागल्या. सुमारे एक लाख पाच हजार माणसं गेली. त्याच संध्याकाळपासून अफवा पसरल्या की कोरियन लोक विहिरीत विष घालतायत, आगी लावतायत. कोरिया तेव्हा जपानच्या ताब्यात होता, बरेच कोरियन मजूर टोकियोत होते. वस्त्यावस्त्यांत टोळ्या उभ्या राहिल्या. हातात बांबूचे भाले, लाठ्या, तलवारी. रस्त्यात माणूस अडवायचा आणि त्याला म्हणायला लावायचं: 'जूगो-एन गोजिस्सेन'. पंधरा येन पन्नास सेन. ज आणि ग, दोन्ही शब्दांच्या तोंडाशी गढूळ ध्वनी. 'चूकोएन कोचिस्सेन' असं आलं की माणूस कोरियन. तिथेच मारायचा. किती मारले याचा आकडा आजही वादात आहे, पण हजारोंच्या घरातले अंदाज इतिहासकार देतात. पोलीस आणि सैनिकही त्यात होते. त्सुबोई शिगेजी या कवीनं पुढे यावर दीर्घ कविता लिहिली, तिचं नावच 'पंधरा येन पन्नास सेन' आहे.

ज्या दोन टिकल्या घटनेच्या कलमात लिहिण्याच्याही लायकीच्या नव्हत्या, त्याच त्या.

आणि चाळणी नीट चालत होती असंही नाही. 6 सप्टेंबरला चिबा जिल्ह्यातल्या फुकुदा गावात कागावाहून आलेल्या पंधरा फेरीवाल्यांना अडवलं. ते जपानीच होते, फक्त बोली लांबची होती. त्यांतले नऊ जण मारले गेले, त्यांत लहान मुलं होती. ईशान्य जपानमधल्या, तोहोकूतल्या लोकांच्या बोलीत तर दोन स्वरांमधला क सर्रास ग होतो, त चा द होतो. पन्नास-साठच्या दशकांत तिथली पोरं ट्रेन भरभरून टोकियोच्या कारखान्यांत कामाला आली तेव्हा त्यांच्या बोलण्याला हसायचे. त्यांच्या बोलीला 'झूझू-बेन' असं चिडवायचं नावच आहे. एका देशात एक माणूस टिकली कमी पडली म्हणून परका आणि दुसरा टिकली जास्त झाली म्हणून गावंढळ.

पाकु-साननं हे सगळं एका दमात सांगितलं नाही. अर्धं ट्रेनमध्ये, उरलेलं काही आठवड्यांनी, आम्ही र्योगोकूला गेलो तेव्हा. सुमो कुस्तीचं मोठं सभागृह असलेलं हे ठिकाण. तिथून थोडं चाललं की योकोआमिचो बाग आहे. भूकंपाच्या आगीत याच जागेवर हजारो लोक जळाले. बागेच्या एका बाजूला 1973 साली बसवलेली, मारल्या गेलेल्या कोरियन लोकांच्या स्मरणाची शिळा आहे. दर 1 सप्टेंबरला तिथे कार्यक्रम होतो. आम्ही गेलो तेव्हा साधा मंगळवार होता. कुणीतरी कागदी पक्ष्यांच्या माळा ठेवल्या होत्या. एक आजोबा बाकावर डबा खात होते. पाकु-सान शिळेसमोर उभी राहिली आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटली. प्रार्थना असेल असं मला वाटलं. नंतर म्हणाली, "तेच म्हणून बघितलं. पंधरा येन पन्नास सेन."

"मग?"

"माहिती नाही. मला ऐकू येत नाही ना."

स्टेशनजवळ आम्ही कॉफी प्यायला बसलो. तिथे तिनं मला माझं आडनाव विचारलं, जपानीतलं नाही, खरं. मी म्हणाले, खोत. तिनं एकदा ऐकलं आणि म्हणाली, "खोत्." ख अगदी खणखणीत, जतच्या बाजारात ऐकू यावा तसा. टोकियोत आल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी माझं नाव घेतलं. कोरियनमध्ये क, ख आणि घट्ट दाबलेला क असे तीन आहेत, ख तिला जन्मापासून येतो. बाईंना मी क आणि ख दहा वेळा म्हणून दाखवले असते तरी त्यांना एकच ऐकू आले असते. तिनं पावतीच्या मागे तिच्या लिपीत ते लिहूनही दिलं.

मग म्हणाली, "आता माझं म्हण. पाकु नाही. खरं."

"पाक," मी म्हणाले.

तिनं मान हलवली.

"बाक."

ती हसायला लागली. "मधलं," म्हणाली.